डॉक्टरांना विचारा : लेकीला कपाळाचं हाड का कमी करून घ्यायचं आहे?

गेल्या अंकात मी दुचाकीच्या अपघातात मोडणाऱ्या जबड्यांबद्दल लिहिलं होतं. त्यात जाता जाता एक वाक्य आलं होतं, की चेहऱ्याची मोडलेली हाडं जुळवायचं हेच तंत्र ट्रान्स स्त्रियांचा चेहरा बायकी करण्याच्या शस्त्रक्रियेतही वापरतात. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा अंक त्यांनाच द्यायचं ठरवलं. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तशी पत्रं आयांकडून सगळ्यात जास्त आली.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी नागपुरातच मानेवाडा रोडकडे राहते. माझं मोठं लेकरू आता मुलगी म्हणून राहतं. सुरुवातीला आम्हाला फार जड गेलं, तिच्या बाबांना अजूनही जातं, पण आता ती आमची पोरगीच आहे. चांगली नोकरी आहे. बऱ्याच वर्षांपासून हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत. आता चेहऱ्याचं ऑपरेशन करायचं म्हणून मागे लागून राहिली आहे. कपाळाचं हाड कापतात, जबडा घासतात म्हणते. माझी झोप उडाली आहे. आम्ही तिला जशी आहे तशी घेतली ना, मग आता हे कायले? गोळ्यांनी चेहरा बदलत नाही का? आणि यात जिवाचं काही होत नाही ना? — एक आई

उत्तर : ताई, तुमची झोप शेवटच्या प्रश्नानं उडाली आहे, म्हणून आधी त्याचंच सांगते. तरुण, बाकी तब्येत धडधाकट, तंबाखूचं व्यसन नाही, भूल देणारे डॉक्टर अनुभवी आणि दवाखान्यात आयसीयू आहे, असं सगळं असेल तर जिवाला धोका कमी असतो. पण हे पूर्ण भूल देऊन, कित्येक तास चालणारं मोठं ऑपरेशन आहे. पार्लरमधली ट्रीटमेंट समजून कुणी तुम्हाला ते सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. काय काय बिघडू शकतं ते पुढे स्पष्टच लिहिते.

गोळ्यांचं असं आहे. त्यातल्या इस्ट्रोजेन या बायकी हार्मोननं कातडी मऊ होते, गालावर थोडी चरबी भरते, स्नायू उतरतात, चेहऱ्याची धार कमी होते. यातलं बरंचसं पहिल्या दोन-तीन वर्षांत होऊन जातं. पण वयात येताना टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोननं जी हाडं वाढवली, ती गोळीनं मागे जात नाहीत. दाढीचे केसही गोळीनं जात नाहीत, त्याला लेझर किंवा विजेच्या सुईनं केसांची मुळं जाळणारं इलेक्ट्रोलिसिस लागतं. तुमच्या लेकीनं गोळ्यांना पुरेसा वेळ दिलेला दिसतो. आता जे उरलं आहे ते हाड आहे.

हे हाड कुठलं, ते घरीच समजून घ्या. तुमच्या भुवईवर बोट ठेवा आणि सरळ वर कपाळाकडे सरकवा. बहुतेक बायकांचं कपाळ तिथे सपाट लागतं. आता हेच बोट तिच्या बाबांच्या भुवईवरून फिरवा. डोळ्यांच्या वर एक उंचवटा लागेल, त्याच्यावर किंचित खळगा, मग कपाळ. माणूस दुरून दिसतो तेव्हा डोळ्यांवर पडणारी सावली या उंचवट्याची असते. ओळख नसलेला माणूस समोरच्याला बाई म्हणायचं की पुरुष, हे ठरवताना इथे, जबड्याच्या कोपऱ्यांकडे आणि हनुवटीकडे बघतो. आपण हे बघतो, हे आपल्यालाही कळत नाही.

हे आधी नीट मोजलं ते सॅन फ्रान्सिस्कोचे सर्जन डग्लस ऑस्टरहाउट यांनी. जन्मतः कवटीत दोष असलेल्या मुलांची ऑपरेशनं हे त्यांचं काम होतं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला एका सहकारी डॉक्टरनं त्यांना विचारलं, की माझ्या एका ट्रान्स पेशंटचं खालचं ऑपरेशन झालं आहे, तरी लोक तिला पुरुषच समजतात, चेहऱ्याचं काही करता येईल का? ऑस्टरहाउट यांनी मानववंशशास्त्राची जुनी मोजमापं काढली, संग्रहातल्या कवट्या मोजल्या, बायकांची आणि पुरुषांची हाडं नेमकी कुठे वेगळी पडतात ते बघितलं आणि मगच हात घातला. कपाळाबद्दलचा त्यांचा लेख 1987 मध्ये छापून आला. त्यांनी कपाळाचे केलेले प्रकार आजही आमच्या बोलण्यात येतात.

आता ऑपरेशन. भुवयांच्या मागे हाडात हवेची एक पोकळी असते, फ्रंटल सायनस. पोकळीची पुढची भिंत जाड असेल किंवा पोकळीच नसेल, तर वरून हाड घासून भागतं. पण बऱ्याच जणींची ही भिंत काही मिलिमीटरचीच असते, घासत गेलं तर आरपार भोक पडेल. अशा वेळी डब्याचं झाकण काढावं तशी ती भिंत अलगद कापून बाहेर काढतात, तिला आकार देतात, मागे सरकवून बसवतात आणि टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या-स्क्रूंनी पक्की करतात. म्हणून सीटी स्कॅनशिवाय कपाळाला हात लावायचाच नाही. स्कॅन न बघता कुणी 'नुसतं घासून देतो' म्हणालं तर उठून बाहेर या.

छेद चेहऱ्यावर नसतो. तो केसांच्या कडेनं किंवा केसांत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत घेतात आणि कातडी भुवयांपर्यंत खाली उतरवतात. वाचून पोटात गोळा येईल, पण याच छेदातून आम्ही हेल्मेट न घालणाऱ्या पोरांची खचलेली कपाळं वर उचलतो. जबडा आणि हनुवटीचं काम तोंडाच्या आतून होतं, बाहेर व्रण राहत नाही. याच्याबरोबर नाक, भुवया, केसांची रेघ पुढे आणणं, वरचा ओठ उचलणं, कंठमणी बारीक करणं अशी कामं गरजेप्रमाणे जोडता येतात.

इथे माझं आग्रहाचं मत आहे. 'गरजेप्रमाणे' हा शब्द धरून ठेवा. हल्ली चेहऱ्याचं पूर्ण पॅकेज विकलं जातं. कपाळ, नाक, गाल, जबडा, हनुवटी, सगळं एकदम. पण लेकीला आरशात नेमकं काय खुपतं? माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी एक आरसा आणि पेन्सिल देते, चेहऱ्यावर जिथे त्रास होतो तिथे खूण करायला सांगते. कित्येक जणी भुवयांवर खूण करतात आणि पेन्सिल खाली ठेवतात. त्यांना जबडा कापायची गरज नाही, आणि तो कापायला सांगणं हा अन्याय आहे. रुंद जबड्याच्या, ठसठशीत नाकाच्या बायका आपल्या विदर्भात घराघरात आहेत. तिच्या आजीचा, मावशीचा, तुमचा जबडा कसा आहे ते बघा. मूळ मोजमापं परदेशात घेतलेली आहेत, ती आपल्या लेकींच्या चेहऱ्यावर जशीच्या तशी ठेवायची नसतात. तिनं तुमच्यासारखं दिसावं, हे मला तरी जास्त बरं वाटतं.

बिघडू शकतं ते असं. कपाळाच्या वर आणि डोक्याच्या पुढच्या भागात महिनोनमहिने बधिरपणा राहतो, काहींचा पूर्ण जात नाही. व्रणाच्या कडेला केस गळू शकतात आणि आपल्या सावळ्या कातडीवर व्रण काळपट किंवा जाड पडू शकतो. रक्त साचणं, जंतुसंसर्ग, भुवई उचलणारी नस दुखावणं, दोन बाजू सारख्या न होणं हे होतं. सायनसमध्ये पुढे त्रास होऊ शकतो, क्वचित मागची भिंत दुखावून मेंदूभोवतालचं पाणी झिरपतं, त्याला पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. जबड्यातून खालच्या ओठाची नस जाते, ती दुखावली तर ओठ बधिर राहतो, चहा हनुवटीवरून ओघळला तरी कळत नाही. आणि हाड फार कापलं तर वरची कातडी सैल पडून लोंबते. हे सगळं ऐकूनही तिला करायचं असेल, तर तिनं विचार करून ठरवलं आहे असं समजा.

आता तुमचं 'कायले?'. ताई, तुम्ही घरी तिला लेक म्हणून घेतली, ही मोठी गोष्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक जणींना हे नशिबात नाही. पण तिचा दिवस घराबाहेर जातो. एका मुलीनं मला सांगितलं होतं, की स्कूटीवर तोंडाला दुपट्टा बांधलेला असतो तोवर ती नागपुरातल्या हजार मुलींसारखी एक मुलगी असते. सीताबर्डीत गाडी लावायची, दुपट्टा सोडायचा आणि त्याच क्षणी पार्किंगवाल्याची नजर बदलते. मग दुकानदाराची, मग लिफ्टमधल्या माणसाची. ती उन्हाळा संपला तरी दुपट्टा सोडत नसे. या नजरा सोसून ती संध्याकाळी घरी येते. तुमच्या मायेनं घर सावरलं, पण पार्किंगवाल्याचे डोळे तुमच्या हातात नाहीत. काही मुलींना लोकांच्या नजरेचं काही वाटत नाही, त्यांना ऑपरेशन नको असतं, आणि त्या कमी बाई ठरत नाहीत. तुमच्या लेकीला काय वाटतं ते ती सांगते आहे. ट्रान्स व्यक्तींच्या उपचारांची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांच्या 2022 च्या आठव्या आवृत्तीत चेहऱ्याची शस्त्रक्रिया वैद्यकीय गरजेच्या उपचारांमध्ये धरली आहे. 2020 मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या 66 जणींवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ऑपरेशननंतर त्यांचं जगणं सुधारल्याचं दिसलं. 66 हा आकडा लहान आहे, पण माझ्या ओपीडीत जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो.

ती सज्ञान आहे, सही तिचीच लागते. तुम्ही 'हो' म्हणावं म्हणून मी हे लिहीत नाही. मला तुम्ही तिच्या उशाशी हव्या आहात, कारण पहिला आठवडा अवघड असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते, डोळे जवळजवळ मिटतात, डोळ्यांभोवती काळंनिळं होतं. हे बघून घाबरू नका आणि रडायचं असेल तर खोलीबाहेर रडा. डोकं उंच ठेवून झोपवा. जबड्याचं काम झालं असेल तर वरणाचं पाणी, ताक, पेज, भाताची पातळ खिमटी द्या. दर खाण्यानंतर डॉक्टरनं दिलेल्या औषधानं चूळ भरायला लावा. दोन-तीन आठवड्यांत ती बाहेर पडू शकेल. पण खरा चेहरा दिसायला कित्येक महिने, कधी वर्ष लागतं. सहाव्या आठवड्यात 'काहीच फरक नाही' असं तिला वाटेल, तेव्हा तुम्हीच धीर द्यायचा आहे.

प्रश्न : मी वर्ध्याची, 24 वर्षांची ट्रान्स स्त्री. मला चेहऱ्याचं काही नको, फक्त कंठमणी कमी करायचा आहे. त्यानं आवाजही बारीक होईल का?

उत्तर : नाही होणार. स्वरयंत्राच्या पुढच्या कूर्चेचा जो टोकदार भाग बाहेर येतो, तेवढाच यात छाटतात. स्वरतंतू त्याच कूर्चेला आतून, थोडे खाली चिकटलेले असतात. सर्जननं लोभानं जास्त छाटलं तर त्यांची पकड सैल होऊन आवाज उलट घोगरा आणि जाड होतो, आणि तो परत आणणं कठीण असतं. म्हणून ऑपरेशनच्या वेळी दुर्बिणीतून स्वरतंतूंची जागा बघून घेणार का, हे आधी विचार. व्रण नेमका गळ्यावर न ठेवता हनुवटीखालच्या घडीत लपवता येतो, तेही विचार.

आवाजासाठी आधी स्पीच थेरपिस्टकडे जा, मोठ्या दवाखान्यांच्या कान-नाक-घसा विभागात ते असतात. हार्मोनच्या गोळ्यांनी आवाज बदलत नाही, रियाजानं बदलतो. नुसती पट्टी चढवून उपयोग नाही. बोलण्याची लय, शब्दांवरचा जोर, आवाज छातीतून निघतो की तोंडातून, हे सगळं त्यात येतं. काही महिने रोज करावं लागतं. आणि फक्त कंठमणीच खुपतो हे तुला इतकं नेमकं माहीत आहे, ते फार चांगलं आहे. कुणी बाकीचं गळ्यात मारायला बघेल, तेव्हा ठाम राहा.

प्रश्न : आमच्यातल्या एक जण घरी येऊन गालाला आणि हनुवटीला इंजेक्शन देतात. ऑपरेशनच्या मानानं फारच स्वस्त आहे. घ्यावं का?

उत्तर : घेऊ नका. कुणी बाटलीतलं पातळ सिलिकॉन टोचत असेल तर ते पुन्हा काढता येत नाही. ते सरकतं, काही वर्षांनी त्याच्या गाठी होतात, कातडी सडते, आणि रक्तवाहिनीत गेलं तर फुप्फुसात जाऊन जीव जाऊ शकतो. डॉक्टर वापरतात ते हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर वेगळं असतं. ते काही महिन्यांनी विरतं आणि गडबड झाली तर औषधानं विरघळवता येतं. ते सुद्धा दवाखान्यातच, सीलबंद सिरिंज डोळ्यांदेखत फोडून घ्यायचं. ज्यांनी आधी घेतलं असेल आणि गाल लाल, गरम किंवा कडक झाला असेल त्यांनी लाजू नये, मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत सरळ जावं आणि काय टोचलं ते खरं सांगावं.

प्रश्न : कामठीहून लिहीत आहे. वय 29. दुसऱ्या शहरात कपाळ आणि जबड्याचं ऑपरेशन ठरत आलं आहे. आधी काय तयारी करू? खर्रा खाते, पण फार नाही. खर्चाला सरकारी योजना आहे का?

उत्तर : खर्रा, म्हणजे ते सुपारी-तंबाखूचं मिश्रण, आजपासून बंद. 'फार नाही' असं इथे काही नसतं. हे मी रागावून लिहीत नाही, पण नागपुरात खर्ऱ्यानं आखडलेली तोंडं बघण्यात माझी निम्मी ओपीडी जाते. आत्ता आरशापुढे उभी राहा आणि तर्जनी, मधलं बोट, अनामिका ही तीन बोटं उभी एकावर एक धरून दातांमध्ये घालून बघ. मावत नसतील तर तोंड आखडायला लागलं आहे. सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होते. मग भूल देताना घशात नळी घालणं अवघड जातं आणि जबड्याचं काम तोंडातून असल्यानं सर्जनला जागाच मिळत नाही. वरून तंबाखूनं रक्तपुरवठा कमी होऊन टाके उसवतात, हाड उशिरा धरतं. बोटं मावत नसतील तर ऑपरेशनआधी मेडिकलजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखव. त्या सर्जनलाही खर्ऱ्याबद्दल स्वतःहून सांग.

इस्ट्रोजेननं रक्ताच्या गुठळीचा धोका थोडा वाढतो. गोळ्या मनानं बंद करू नकोस आणि लपवूनही ठेवू नकोस. किती, कुठल्या, कधीपासून, हे भूलतज्ज्ञांना लिहून दे. बंद करायच्या की नाही ते त्यांना आणि तुझ्या हार्मोनच्या डॉक्टरांना ठरवू दे.

तारीख ठरायची असेल तर दिवाळीनंतरची घे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. त्या घामात डोक्याभोवती पट्टी आणि हनुवटीला दाबपट्टा बांधून राहणं म्हणजे हाल आहेत, शिवाय ताज्या व्रणावर ऊन पडलं की तो काळा होतो. व्रणाला पहिलं वर्षभर उन्हापासून जप. दुपट्टा आहेच.

योजनेबद्दल. आयुष्मान भारत अंतर्गत ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी 'टीजी प्लस' आहे, त्याचा करार ऑगस्ट 2022 मध्ये झाला. वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. त्यासाठी राष्ट्रीय पोर्टलवरून मिळालेलं ट्रान्सजेंडर ओळखप्रमाणपत्र लागतं. पण योजनेच्या यादीत तुझं नेमकं काम बसतं का आणि तो दवाखाना पॅनेलवर आहे का, हे दवाखान्याकडून लेखी घेतल्याशिवाय त्या पैशांवर हिशेब करू नकोस. अंदाजपत्रकातही नुसती एकूण रक्कम नको. भूल, आयसीयूचा दिवस, टायटॅनियमच्या पट्ट्या, औषधं आणि काही बिघडून पुन्हा ऑपरेशन करावं लागलं तर त्याचा खर्च कुणाचा, हे वेगवेगळं लिहून माग. दागिने विकून किंवा व्याजानं पैसे उचलून जाणार असशील तर थांब. कपाळ एकदा आणि जबडा वर्षा-दोन वर्षांनी, असं भागांत करता येतं, पुष्कळ जणी तसंच करतात.

कपाळातली सायनस उघडली तर सर्जन सांगतील तोवर नाक शिंकरायचं नाही, हवा कातडीखाली शिरते. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून दे. विमानानं परतणार असशील तर किती दिवसांनी चालेल ते त्यांना विचारूनच तिकीट काढ.

आणि निघण्याआधी नागपुरातला एक प्लास्टिक किंवा मॅक्सिलोफेशियल (जबडा-चेहऱ्याचा) सर्जन गाठून ठेव. टाके काढायला, रात्री अचानक एका बाजूला सूज वाढली तर बघायला इथलं माणूस लागतं. येताना डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशनची पूर्ण नोट आणि सीटी स्कॅनची सीडी मागून आण. कुठल्या पट्ट्या, किती स्क्रू, कुठे बसवले, हे त्यात असतं. पुढे कधी एमआरआय करावा लागला किंवा अपघात झाला, तर पहिल्यांदा तेच विचारतात. सूज उतरल्यावर आधार केंद्रात फोटो बदलून घे.